पंधरा थाऊची फट

टॅपेट कव्हरखाली रॉकरचे टोक आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यामध्ये एक बारीक फट मुद्दाम ठेवलेली असते. ती मोजून नेमकी करण्याच्या कामाला गॅरेजच्या भाषेत टॅपेट सेटिंग म्हणतात. अँबेसिडरच्या 1489 सीसी इंजिनात ही फट पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश. मिलिमीटरमध्ये 0.38, जवळजवळ बोटाच्या नखाच्या जाडीएवढी. आठ व्हॉल्व्हच्या आठ फटी फिलरच्या पातीने तपासायच्या, स्क्रूने कमी-जास्त करायच्या आणि लॉकनट आवळायचा. जुन्या गाडीत दर काही हजार किलोमीटरला हे करावेच लागते.

फट लागते ती धातू तापला की वाढतो म्हणून. एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरून जळालेला वायू जातो आणि भाराखाली त्याची थाळी सातशे अंशांच्या घरात तापते. या उष्णतेचा मोठा भाग, साधारण तीन-चतुर्थांश, व्हॉल्व्ह मिटलेला असताना सीटमधून हेडमध्ये आणि तिथून पाण्यात जातो. म्हणजे सीटवर घट्ट बसून राहणे हीच व्हॉल्व्हची विश्रांती. फट शून्यावर आली तर दांडी वाढताच रॉकर तिला दाबून धरतो, थाळी सीटवर पुरती टेकत नाही आणि त्या केसभर जागेतून पेटता वायू निसटत राहतो. थाळीची कड एका जागी जळते, त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन जाते आणि गाडी मिसिंग करू लागते. मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नसते.

फट जास्त झाली तर निराळेच होते. रॉकर व्हॉल्व्हवर आपटतो आणि टकटक ऐकू येते. व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, लवकर मिटतो, उघडतोही थोडा कमी, त्यामुळे ताकद घटते आणि धातू हळूहळू झिजतो. पण कड जळत नाही. गिऱ्हाईक मात्र आवाजालाच घाबरते आणि गॅरेजमध्ये येऊन पहिली मागणी करते ती आवाज काढून देण्याची. नुसत्या कानाने काम करणारा मिस्त्री फट आवळून इंजिन गप्प करतो आणि गाडी खूश होऊन घरी जाते. वाजणारा टॅपेट निदान तक्रार तरी करतो. आवळलेला व्हॉल्व्ह मुकाट्याने जळतो.

खानदेशात हा फरक लवकर कळतो. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. दुसरा पुढे जळगाव-भुसावळवरून जातो. शिरपूर सोडून इंदूरकडे निघालेल्या गाडीला सेंधव्याच्या अलीकडे बिजासन घाट लागतो, चाळीसगावहून कन्नडला जाणारीला औट्रम घाट. भरलेली गाडी मे महिन्याच्या दुपारी दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढते तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्हला सवलत मिळत नाही. सपाटीवर निभावून गेलेली आवळलेली फट तिथे उघडी पडते.

उन्हाचा आणखी एक प्रश्न आहे, आणि तो बहुधा दुर्लक्षित राहतो. अनेक इंजिनांच्या पुस्तकात फट थंड इंजिनावर मोजायला सांगितलेली असते. थंड म्हणजे किती? मारुती जिप्सीच्या इंजिनाच्या घराण्यात सुझुकीने पाण्याचे तापमान 15 ते 25 अंश धरले आहे. जळगावात मे महिन्यात पहाटेसुद्धा पारा तिशीच्या आसपास असतो, म्हणजे रात्रभर उभी राहिलेली गाडीही पुस्तकाच्या अर्थाने थंड नसते. इथे एक गंमत लक्षात घ्यावी लागते. अ‍ॅल्युमिनियमचे हेड असलेल्या या इंजिनात फट तापल्यावर कमी होत नाही, वाढते. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. हेड उंच होते आणि त्यासोबत रॉकरही व्हॉल्व्हपासून वर सरकतो. म्हणून इनलेटची फट थंड असताना 0.13 ते 0.17, आणि 60 अंशांच्या पुढे गरम असताना 0.23 ते 0.27 मिलिमीटर दिलेली असते. चाळीस-पंचेचाळीस अंशांत दशांश मिलिमीटरचा फरक पडत असेल, तर दहा अंशांना दोन-अडीच शतांश येतो. खानदेशातल्या उन्हाळी पहाटे थंड मापाच्या वरच्या टोकाला, 0.17 ला, फट ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे. अँबेसिडरचे हेड लोखंडी. तिचे पंधरा थाऊ गरम इंजिनावरचे. तिथे घाई वेगळी असते, आठवा व्हॉल्व्ह येईपर्यंत इंजिन निवत जाते.

प्रत्यक्ष काम शांतपणे करण्याचे आहे. आधी प्लग काढून ठेवतात, म्हणजे कॉम्प्रेशन अडत नाही आणि इंजिन हाताने फिरते. कव्हर उचलताना कॉर्कचे पॅकिंग फाटू द्यायचे नसते. जो व्हॉल्व्ह तपासायचा त्याच्या कॅमची टाच टॅपेटखाली आली पाहिजे, म्हणजे तो पूर्ण मिटलेला हवा. चार सिलिंडरच्या इंजिनात एक आणि चार, दोन आणि तीन अशा जोड्या असतात. चौथ्याचे दोन्ही रॉकर एकाच वेळी हलू लागले, एक मिटताना दुसरा उघडू लागला, की पहिल्याचे दोन्ही व्हॉल्व्ह सेट करायचे. अँबेसिडरवर याहून सोपा हिशेब चालतो, नवाचा. पुढून मोजत आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दबला की पहिला सेट करायचा, सहावा दबला की तिसरा. दोघांची बेरीज नऊ.

पात फटीत सरकवली की ती हलकीच धरली जावी, पण ओढली तर निसटावी, लोण्यातून सुरी ओढल्यासारखी. एक थाऊ जाड पात जाऊ नये, एक थाऊ बारीक पात सैल फिरावी. एवढी खूण पुरते. खरी चूक होते ती नंतर. पेचकसाने स्क्रू धरून रिंग पान्याने लॉकनट आवळताना स्क्रू चोरपावलाने फिरतो आणि फट बदलते. म्हणून नट आवळल्यावर पात पुन्हा घालायचीच. ही दुसरी तपासणी टाळणाऱ्याने पहिलीही केली नसती तरी चालले असते.

जुन्या रॉकरला व्हॉल्व्हच्या टोकाने खड्डा पाडलेला असतो. सपाट पात त्या खड्ड्यावरून पूल टाकल्यासारखी जाते. ती दाखवते पंधरा, असते अठरा-वीस. माप बरोबर आणि इंजिन तरीही वाजते, तेव्हा मिस्त्री फट आणखी आवळतो आणि दोष रॉकरचा असताना शिक्षा व्हॉल्व्हला होते. अशा वेळी रॉकर काढून घासून सपाट करावा किंवा बदलावा.

जीपची तऱ्हा वेगळी. महिंद्राने अनेक वर्षे वापरलेल्या विलिसच्या हरिकेन इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये असतात. इनलेटला अठरा थाऊ, एक्झॉस्टला सोळा. इनलेट वरून होतात, पण एक्झॉस्टसाठी ब्लॉकच्या बाजूचे झाकण उघडून मॅनिफोल्डच्या आडून पाने घालावे लागतात, त्यामुळे निम्मे काम बऱ्याचदा राहूनच जाते. राहते नेमके तेच, जे आधी जळते.

वेगासाठी बांधलेल्या इंजिनांत फटीला आणखी एक अर्थ येतो. पाच हजार फेऱ्यांना प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला अडीच हजार वेळा उघडतो. कॅमच्या सुरुवातीला एक मंद उतार ठेवलेला असतो, फट त्यावर अलगद भरून निघावी म्हणून. फट वाढली की कॅम उताराऐवजी चढावर भेटतो आणि धक्का बसतो. भारतातल्या रॅलींत वर्षानुवर्षे धावलेल्या जिप्सी आणि एस्टीम स्क्रूच्याच होत्या. त्यांचे टॅपेट पाना आणि पेचकसावर भागत. दोन कॅमशाफ्टच्या जुन्या इंजिनांत तसे नसते. 1948 साली आलेल्या जॅग्वारच्या एक्सके इंजिनात रॉकरही नाही आणि स्क्रूही नाही. कॅम थेट बकेटवर चालतो आणि बकेटखाली चकती असते. चकत्यांना ए ते झेड अशी अक्षरे, ए म्हणजे 85 थाऊ, झेड म्हणजे 110, प्रत्येक अक्षराला एक थाऊ. इनलेटला चार थाऊ हवेत आणि सात भरले, तर आतली डी चकती काढून तीन अक्षरे पुढची जी घालायची. त्यासाठी दोन्ही कॅमशाफ्ट उतरवावे लागतात, म्हणून आधी बाराही फटी मोजून कागदावर मांडायच्या आणि मगच नटाला हात लावायचा. उलट क्रमाने गेले तर कॅमशाफ्ट चार वेळा चढतात.

कागदावरच्या नोंदीचा उपयोग स्क्रूच्या इंजिनातही आहे. भारतात 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. पूर्वीच्या पेट्रोलमधले शिसे व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये वंगणासारखे काम करी. मऊ सीटच्या जुन्या हेडमध्ये ते गेल्यावर एक्झॉस्टची सीट आत खचू लागते, एलपीजीच्या किटवर तर लवकरच. सीट खचली की व्हॉल्व्ह वर चढतो आणि फट आपोआप आवळत जाते, आवाज न करता. मागच्या खेपेला पंधरा ठेवलेली फट पुढच्या तपासणीत आठ निघाली आणि त्यापुढच्याला पुन्हा नऊ, तर ती स्क्रूने सोडवत राहण्यात अर्थ नाही. हेड उतरवून मशीन शॉपमध्ये कडक सीट बसवून घ्यावी लागते. नवे पॅकिंग घालून हेड आवळल्यावर काहीशे किलोमीटरनी बोल्ट पुन्हा तपासतात. ते आवळले की हेड किंचित दबते आणि रॉकर व्हॉल्व्हच्या जवळ येतो, म्हणून त्याच दिवशी आठही फटींत पात पुन्हा घालावी लागते.