आकाशातील शिकारी

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही कधी निसर्ग शिबिराला गेला आहात काय? गावाबाहेर, झाडीत तंबू ठोकून दोन-तीन दिवस राहायचे आणि डोळे व कान उघडे ठेवून शिकायचे, म्हणजे निसर्ग शिबिर. शिकारी पक्ष्यांची ओळख करून घेण्यासाठी अशी जागा फार चांगली.

शिकारी पक्षी इतर प्राण्यांच्या मांसावर जगतात. त्यांची चोच आकड्यासारखी वाकडी असते आणि नजर अतिशय तीक्ष्ण असते. बहुतेकांच्या पायांना अणकुचीदार नखे असतात.

सकाळी ऊन तापू लागले की आकाशाकडे पाहा. जमिनीजवळची हवा तापते आणि वर चढू लागते. या हवेवर पंख पसरून घारी गोल गोल फिरतात. पंख न हलवता त्या उंच जातात. त्यामुळे त्यांची शक्ती वाचते. उर्दूत आपण जिला चील म्हणतो, तीच ही घार. तिच्या शेपटीला मधोमध खाच असते. या खुणेवरून ती दुरूनही ओळखता येते.

शाहीन हे नाव तर तुमच्या परिचयाचे आहे. त्याला मराठीत बहिरी ससाणा म्हणतात. उंचावरून भक्ष्यावर झेप घेताना त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरहून अधिक होतो. इतका वेग दुसऱ्या कोणत्याही प्राण्याचा नाही.

रात्री घुबडाची पाळी असते. त्याच्या पिसांच्या कडा मऊ असल्यामुळे उडताना आवाज होत नाही. घुबड उंदीर अख्खा गिळते. न पचलेली हाडे व केस यांची गोळी करून ते तोंडावाटे बाहेर टाकते. झाडाखाली पडलेली अशी गोळी काडीने उकलून पाहिली, तर घुबडाने काय खाल्ले ते कळते. अशा गोळीत बहुधा उंदरांचीच हाडे सापडतात. म्हणूनच घुबड शेतकऱ्याचा मित्र आहे. त्याला अशुभ मानून दगड मारणे हे अज्ञान आहे.

हे पक्षी नाहीसे झाले तर काय होते? याचे उत्तर गिधाडाकडे आहे. गिधाड मेलेली जनावरे खाऊन गावाची स्वच्छता करते. पूर्वी आपल्या देशात गिधाडांचे मोठमोठे थवे दिसत. १९९० नंतर ती भराभर मरू लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी १०० मधील ९९ हून अधिक नष्ट झाली. कारण कोणालाच कळेना. अखेर पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून २००४ साली कारण जगापुढे आले. गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक नावाचे औषध देत असत. असे गुरू मेल्यावर त्याचे मांस गिधाडे खात आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी होई. भारत सरकारने २००६ साली गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना अपाय न करणारे औषध त्याऐवजी वापरता येते.

गिधाडे गेल्यावर मेलेली जनावरे उघड्यावर कुजू लागली. त्यांवर भटकी कुत्री पोसली गेली आणि कुत्र्यांबरोबर रेबीजचा धोकाही वाढला. औषध गुरांचे, मेले पक्षी आणि त्रास झाला माणसांना! निसर्गातील दुवे असे एकमेकांत गुंतलेले असतात.

अजूनही आशा आहे. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळील चिरगावच्या ग्रामस्थांनी गिधाडांच्या रक्षणाच्या कामात भाग घेतला आहे.

तुम्हीही पुष्कळ करू शकता. घरट्याजवळ गोंगाट करू नका. पतंग उडवताना नायलॉनचा मांजा वापरू नका. त्यात घारींचे पंख कापले जातात. जखमी पक्षी दिसला तर त्याला पाळण्यासाठी घरी नेऊ नका. वनखात्याला ताबडतोब कळवा. मोकळ्या आकाशात फिरणारी घार आपलीच शेजारीण आहे, हे विसरू नका.