इतिहासात एम.ए. : वडवणीहून निघणाऱ्या वाटा

वडवणी आणि आसपासच्या गावांतून पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींसाठी आजचा विषय आहे. इतिहासात एम.ए. करतो म्हटलं की घरून पहिला प्रश्न येतो, "करून काय मिळणार?" प्रश्न रास्त आहे. जे आई-वडील दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, त्यांना दोन वर्षांचा हिशोब विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. म्हणून आधी वाटा पाहू, मग हिशोब मांडू.

पहिली वाट छत्रपती संभाजीनगरची. बीड जिल्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतो. १९५८ साली हे विद्यापीठ सुरू झालं, १९९४ साली त्याचा नामविस्तार झाला. मुख्य परिसरात इतिहासाचा विभाग आहे, वस्तुसंग्रहालयही आहे. दुसरी वाट जिल्ह्यातल्याच संलग्न महाविद्यालयाची. पदवी त्याच विद्यापीठाची मिळते आणि राहण्या-जेवणाचा खर्च वाचतो. तिसरी वाट इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठाची. काम सांभाळून शिकणाऱ्यांना ती सोयीची पडते. आणि ज्यांना उत्खननात रस आहे, त्यांच्यासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. दोन वर्षांचं असतं. चार वर्षांची ऑनर्स पदवी असेल तर एका वर्षाचं. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षानंतर थांबावं लागलं, तरी पदव्युत्तर पदविका मिळण्याची सोय ठेवलेली आहे. घरची ओढाताण असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता मुद्द्याचं. एम.ए.चं प्रमाणपत्र सगळ्यांचं सारखंच दिसतं. फरक पडतो तो तुम्हाला कोणती साधनं वाचता येतात यावर. आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथला कारभार आधी फारसीत आणि १८८४ नंतर उर्दूत चाले. जुने मराठी कागद मोडीत आहेत. म्हणजे बीडचा इतिहास लिहायचा तर नुसती देवनागरी पुरत नाही. मोडी, आणि जमलं तर उर्दू, शिकून घ्या. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाकडून मोडीचे प्रशिक्षण वर्ग होतात. निजामकाळातले कागद पाहायला हैदराबादच्या अभिलेखागारापर्यंत जावं लागतं.

दुसरी गोष्ट संशोधन प्रकल्पाची. नव्या रचनेत दुसऱ्या वर्षी तो करावाच लागतो. तिथे पुस्तकातून उतरवलेला विषय घेऊ नका. ऊसतोड टोळ्या, मुकादम, उचल, दुष्काळात झालेली स्थलांतरं, या सगळ्याच्या आठवणी तुमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे आहेत. त्या नोंदवून, कागदांशी ताडून पाहणं हेही इतिहासाचंच काम आहे. हे बाहेरच्या संशोधकापेक्षा तुम्हाला सोपं जाईल, कारण माणसं तुमच्याशी मोकळं बोलतील.

आणि हिशोब? तो सरळ सांगतो. नुसत्या एम.ए.वर नोकरी मिळेल, असं आम्ही म्हणणार नाही. महाविद्यालयात शिकवायचं तर नेट किंवा सेट उत्तीर्ण व्हावं लागतं, किंवा पीएच.डी. लागते. नेट-सेटसाठी एम.ए.ला खुल्या प्रवर्गाला ५५ टक्के, राखीव प्रवर्गाला ५० टक्के गुण हवेत. शाळेत शिकवायचं असेल तर बी.एड. वेगळं करावं लागतं. स्पर्धा परीक्षेत इतिहासाचा उपयोग होतो, पण त्यासाठीच एम.ए. करायची गरज नाही. मोडी वाचता येणाऱ्याला मात्र जुन्या जमिनीच्या आणि वारशाच्या कागदांचं लिप्यंतर करण्याचं कामही मिळू शकतं.

तेव्हा प्रवेशाआधी विभागात जाऊन तीन गोष्टी विचारा. कागदावरचे ऐच्छिक विषय प्रत्यक्षात शिकवतात का? प्रकल्पाला मार्गदर्शन कोण करणार? मोडी शिकायची सोय कुठे आहे? शुल्क आणि शिष्यवृत्तीचे नियम त्या वर्षीच्या माहितीपत्रकातूनच तपासा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. ही उत्तरं हातात आली की घरी बसून निर्णय घ्या.