रंग परगावचा, हवा गावची

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व अंगाचे दोन शेजारी तालुके. एकाला घोडनदीचा काठ आणि इंग्रजी अमदानीतील जुन्या छावणीचा वारसा, तर दुसऱ्याला भीमेचा काठ आणि मुंबईहून चेन्नईकडे धावणाऱ्या लोहमार्गाला मनमाडचा फाटा जेथे फुटतो त्या जंक्शनाचा लौकिक. शिरूरहून सडकेने निघालेला आणि दौंडहून आगगाडीने निघालेला, असे दोघेही प्रवासी अहिल्यानगरास, म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगरास, पोहोचतात. आणि तेथे १९९४ साली उघडलेल्या रणगाडा संग्रहालयात विजयंतासारख्या रणगाड्यांभोवती फिरून, किंवा उलट दिशेने पुण्यास जाऊन भाऊ जोशी यांनी कोथरुडात १९९८ साली लोकांसाठी खुले केलेले लघुरेल्वे संग्रहालय पाहून, जो मुलगा घरी परततो, त्याच्या मनात ‘असे एक आपणही करावे’ ही ऊर्मी उठली नाही तरच नवल.

प्रतिकृती घडवण्याच्या या छंदाचे शास्त्र प्रमाणाचे आहे. रणगाड्याच्या प्रतिकृतीला बहुधा १:३५ आणि आगगाडीला १:८७ हे प्रमाण रूढ असून, ते किती काटेकोर असते याचा प्रत्यय दौंडकराला चटकन येईल. कारण आपल्या रुंदमापी मार्गाचे १६७६ मिलिमीटर अंतर ८७ने भागले तर सुमारे १९ मिलिमीटर येते, पण बाजारात मिळणारे या प्रमाणाचे रूळ परदेशी मापाप्रमाणे साडेसोळा मिलिमीटरांचे असतात. हाच हिशेब रंगालाही लागू पडतो. कुंचल्याने दिलेला थर मिलिमीटरचा एक दशांश जाड झाला, तर १:३५च्या प्रतिकृतीवर तो खऱ्या रणगाड्यावरील साडेतीन मिलिमीटर जाडीच्या लेपाबरोबर होतो. त्याखाली खिळ्यांची डोकी, पत्र्याचे सांधे आणि कारखान्याने साच्यात कोरलेले सारे बारकावे बुजून जातात. म्हणूनच रंग लिंपण्याऐवजी हवेबरोबर उडवून, धूळ बसावी तसा बसवण्याची तजवीज करावी लागते, आणि ती करणारे हत्यार म्हणजे एअरब्रश.

हे हत्यार आपल्याला वाटते तितके परके नाही. अमेरिकेत ॲब्नर पीलर याने १८७९ साली त्याचे आद्य रूप घडवले, चार्ल्स बर्डिकने १८९३च्या सुमारास त्याला आजच्याशी मिळताजुळता आकार दिला, आणि पुढे छायाचित्रांची डागडुजी करणाऱ्यांनी ते उचलले. परंतु आपल्याकडे श्रावणात गणपतीच्या कारखान्यात डोकावले, तर मूर्तीच्या गालांवरची आणि पितांबराच्या चुण्यांवरची छटा हवेच्या याच फवाऱ्याने उतरवली जात असल्याचे दिसते. मूर्तिकाराच्या स्प्रे-गनला हातभर मूर्ती रंगवायची असते आणि आपल्याला वीतभर रणगाडा, एवढाच काय तो फरक.

निवड करताना प्रथम खटका पाहावा. एकेरी खटक्याच्या ब्रशात दाबल्याबरोबर ठरलेला रंग सुटतो. दुहेरी खटक्याच्या, म्हणजे ड्युअल ॲक्शन ब्रशात खटका दाबला की हवा येते आणि मागे ओढला की रंग, त्यामुळे फवाऱ्याची सारी मुखत्यारी बोटाकडे राहते. शिकायला आठवडा अधिक लागला तरी दुहेरीच घ्यावा. वरच्या बाजूस वाटी असलेल्या ब्रशात रंग आपल्या वजनाने उतरत असल्याने कमी दाब पुरतो. खाली बाटली टांगलेल्यात रंग ओढून घ्यावा लागतो. नोझलचे तोंड ०.३ मिलिमीटरचे असले की पहिल्या ब्रशाकडून बहुतेक सर्व कामे होतात; ०.२ बारीक छटांसाठी, आणि ०.५ लांबलचक डब्यांच्या सपाट अंगासाठी.

ब्रशाइतकाच खर्च कॉम्प्रेसरवर होतो आणि तेथेच पुष्कळजण चुकतात. गॅरेजातील मोठा कॉम्प्रेसर फुकट मिळाला, तरी त्याचा दाब फार आणि हवेत तेलाचा अंश; आपल्याला १५ ते २० पीएसआय एवढाच सौम्य दाब हवा. टाकी असलेल्या छोट्या यंत्रात हवा हिसके न देता येते. दाब बांधून देणारा रेग्युलेटर आणि पाणी टिपून घेणारा सापळा हे दोन जिन्नस मात्र वगळू नयेत. कारण पावसाळ्यात दाबलेल्या हवेतील बाष्पाचे थेंब होतात आणि ऐन रंगकामात नळीतून बाहेर उडून पृष्ठभागावर डाग पाडतात.

आता रंगाविषयी. ॲक्रिलिक म्हणजे सारे एकच, ही समजूत सोडून द्यावी. जपानच्या तामियाचा ॲक्रिलिक स्पिरिटच्या जातीच्या थिनरशी सलोख्याने वागतो आणि फवाऱ्याला सोपा जातो; स्पेनच्या वालेहोचा पाण्याच्या कुळातला असून, त्यात स्पिरिट घातले तर नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या होतात. त्याचीच ‘मॉडेल एअर’ ही मालिका मात्र फवाऱ्यासाठी मुद्दाम पातळ केलेली असते. दांडेकरांनी १९३१ साली शाईपासून ज्या व्यवसायाचा आरंभ केला, त्या कॅमलिनचे ॲक्रिलिक कोपऱ्यावरच्या स्टेशनरी दुकानात मिळते. ते कॅन्व्हासवर उठाव यावा म्हणून दाट केलेले असल्याने पातळ करून, नायलॉनच्या कापडातून गाळून, मोठ्या तोंडाच्या ब्रशाने फलाटाच्या भिंती आणि जमीन यांसाठी खुशाल वापरावे. कोणताही रंग निरशा दुधाइतका पातळ असावा, आणि त्याची खातरजमा प्रतिकृतीवर नव्हे, टाकाऊ प्लास्टिकवर करावी.

परंतु रंग परगावाहून मागवता येतो, हवा मात्र गावचीच घ्यावी लागते. आपला मुलूख पर्जन्यछायेतला. चैत्र-वैशाखाच्या दुपारी फवारलेला थेंब पृष्ठभागावर टेकण्यापूर्वीच सुकतो, थर खरखरीत होतो आणि ब्रशातल्या सुईच्या टोकाशी रंगाची खपली धरते. यावर उपाय म्हणजे सुकणे लांबवणारे रिटार्डर थेंबभर घालणे, आणि त्याहून स्वस्त उपाय म्हणजे पहाटे रंगवणे. रंग पाण्यातला असला तरी त्याचे कण फुफ्फुसासाठी नव्हेत, म्हणून मुखपट्टी बांधून खिडकीशी बसावे; आणि काम संपताच ब्रश धुवावा, कारण वाळलेले ॲक्रिलिक पाण्याला दाद देत नाही.

सर्वांत शेवटचा हात धुळीचा. रंगवून झालेला रणगाडा किंवा लाल-तपकिरी डबा दुकानातून आल्यासारखा कोरा दिसतो. त्याच्या खालच्या अंगावर अतिशय पातळ केलेला भुरकट रंग उडवला की तो चाललेला, राबलेला वाटू लागतो. परदेशी बाटल्यांवर या छटेला वाळवंटाची नावे दिलेली असतात. ती तशीच घेऊ नयेत. दौंडच्या यार्डाबाहेरच्या किंवा शिरूरच्या माळावरच्या वाटेवरून चिमूटभर फुफाटा कागदात बांधून आणावा, उन्हात रंगाशेजारी ठेवावा, आणि दोन्ही जुळेपर्यंत वाटीत एकेक थेंब मिसळत राहावे.