होडीच्या तळाचा जुना रंग: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गोव्यात डिचोलीच्या नार्व्याहून फेरीबोटीने मांडवी नदी ओलांडली की दिवाडी बेट लागतं. नौदलाची ‘म्हादेई’ ही शिडाची नौका याच बेटावर बांधली गेली, आणि तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. नौका तिच्याएवढी असो की पेडण्याच्या शापोरा नदीत नांगरलेली लहान फायबरची होडी, पाण्यात कायम राहणाऱ्या तळाला शेवाळ-बार्नेकल चिकटू नयेत म्हणून अँटीफाउलिंग रंग लागतोच. वर्षानुवर्षांचे थर साचले की तो उतरवावाही लागतो. हे काम घरच्या घरी होतं, पण त्याभोवतीचे काही समज महागात पडतात.

पहिला समज, पावसाळ्यात नदी गोडी होते आणि तळ आपोआप साफ होतो. मुसळधार पावसात मांडवी-शापोऱ्याचा खारटपणा उतरतो आणि तळावरचे बार्नेकल मरतात, हे खरं. पण त्यांची कवचं तशीच चिकटून राहतात. होडी वर काढल्याबरोबर, तळ ओला असतानाच कवचं खरवडा. एकदा वाळली की घाम निघतो.

दुसरा समज, दरवर्षी सगळा रंग काढलाच पाहिजे. तसं नाही. जुना थर घट्ट असेल आणि नवा रंग त्याच जातीचा असेल, तर ओल्या पॉलिश पेपरने घासून वर हात दिला तरी भागतं. पोपडे सुटत असतील, थर जाड झाले असतील किंवा रंगाची जात बदलायची असेल, तेव्हाच तळ उघडा करा.

ग्राइंडरने तासाभरात काम होतं, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं ऐकू नका. फायबरच्या होडीवरचा गुळगुळीत बाहेरचा थर, म्हणजे जेलकोट, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. ग्राइंडर क्षणात तो खाऊन पुढे जातो आणि आतल्या फायबरमध्ये पाणी मुरायला वाट मिळते. मिथिलीन क्लोराइड असलेलं रंग काढायचं रसायनही जेलकोट मऊ करतं. फायबरसाठीच बनवलेलं रसायन घ्या, आधी हातभर जागेवर लावून पाहा. खरवडणीचे कोपरे कानशीने गोल करून घ्या, म्हणजे तळावर चरे पडत नाहीत.

सर्वांत धोक्याचा समज धुळीबद्दल आहे. नाकाला रुमाल बांधून, पाठीवर झोपून कोरडं घासणारे पाहिले की जीव घाबरा होतो. काही रंगांत वजनाच्या निम्म्याहून जास्त क्युप्रस ऑक्साइड, म्हणजे तांब्याचं संयुग असतं, शिवाय इतर जीवनाशकंही असतात. जुन्या नौकांच्या खालच्या थरांत ट्रायब्युटिलटिन हे विषारी जीवनाशकही असू शकतं. त्याच्यामुळे मादी शंखांना नराचे अवयव फुटले, फ्रान्सच्या आर्काशों उपसागरात कालवांची शेती बसली, आणि २००८ पासून आंतरराष्ट्रीय कराराने ते जहाजांवर बंद झालं. म्हणून ओलंच घासा. फिल्टरचा घट्ट बसणारा मास्क, चष्मा, हातमोजे आणि अंगभर कपडे घाला. कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका. हॉट एअर गन वापरू नका, तापलेल्या रंगाचा धूर छातीत जातो.

आणि ‘भरती आली की सगळं धुऊन जाईल’ हा समज? तांबं कुजत नाही, नाहीसं होत नाही. ते गाळात बसतं, आणि त्याच गाळात तिसऱ्यो आणि खुबे हे शिंपले वाढतात, जे आपल्या ताटात येतात. ओहोटीला किनाऱ्यावर कलती केलेली होडी खरवडणं म्हणूनच चुकीचं. होडी भरतीच्या रेषेच्या बरीच वर, सपाट जागेवर घ्या. खाली जाड ताडपत्री अंथरून तिच्या कडा वर उचला. पोपडे आणि गाळ सुकवून बंद डब्यात भरा. हा घातक कचरा आहे. पंचायतीच्या कचऱ्यात किंवा परसातल्या खड्ड्यात टाकू नका. डिचोलीशेजारच्या सत्तरी तालुक्यात पिसुर्ले इथे घातक कचऱ्याचा प्रकल्प आहे. डबा तिथवर पोहोचवायची रीत गोवा कचरा व्यवस्थापन महामंडळाला विचारून घ्या, आणि हे काम सुरू करण्याआधी विचारा.