आधी टायरमधली हवा काढा!

दुबई म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? बुर्ज खलिफा, गोल्ड सूक, मॉलमधलं शॉपिंग आणि अर्थातच 'डेझर्ट सफारी'! हॉटेलवाले लँड क्रूझरमधून घेऊन जातात, ड्रायव्हर वाळूच्या टेकड्यांवरून गाडी अशी काही उडवतो की मागच्या सीटवरच्या काकू रामरक्षा म्हणायला लागतात. मग बार्बेक्यू, हातावर मेंदी, उंटाबरोबर फोटो. संध्याकाळी आठपर्यंत वाळवंट खलास! दुबईतल्या पहिल्या वर्षी मीही हेच केलं. पण तेव्हापासून एक किडा डोक्यात वळवळत होता. ड्रायव्हरच्या सीटवर आपण असलो तर?

त्यानंतर दोन वर्षांनी सेकंडहँड पजेरो घेतली. घेतली म्हणजे बँकेने घेऊन दिली. हप्ते अजून चालू आहेत आणि सोमवारी सकाळी याच गाडीने ऑफिसला जायचं असतं, हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. साताऱ्याहून आईने फोनवर विचारलंच, "अगं, तिकडे एवढे गुळगुळीत रस्ते आहेत म्हणतेस, मग वाळूत कशाला मरायला जायचं?" तिचं चुकत नव्हतं.

यूएईत ऑफरोड ड्रायव्हिंगचे बरेच क्लब आहेत. शिकवणारे आपल्यासारखेच नोकरदार. कुणी अकाउंटंट, कुणी डेंटिस्ट, कुणी एअरलाइनमध्ये. बऱ्याच क्लबांमध्ये फी वगैरे काही नाही. ज्याला कुणीतरी फुकट शिकवलं, तो पुढच्याला फुकट शिकवतो. नवशिक्यांसाठी सोप्या ड्राइव्ह वेगळ्या असतात आणि वरच्या लेव्हलला जायचं ते सीनिअर मंडळींनी 'हो' म्हटल्यावरच. सीझन साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा भरदुपारी वाळूत अडकणं म्हणजे गंमत नव्हे, जिवाशी खेळ.

आमचा अड्डा म्हणजे अल बदायर. दुबईहून हत्ताच्या दिशेने निघालं की लागणारा लालभडक वाळूचा इलाका. (लाल का? वाळूच्या कणांवर लोहाचा, म्हणजे चक्क गंजाचा थर असतो म्हणून.) तिथली सगळ्यात मोठी टेकडी 'बिग रेड' या नावाने प्रसिद्ध आहे. शनिवारी सकाळी साडेसहाला पेट्रोल पंपावर भेटायचं. २०२२ पर्यंत हाच कार्यक्रम शुक्रवारी असायचा, मग दुबईचा वीकेंड शनिवार-रविवार झाला. टाकी फुल्ल, पाणी भरपूर, गाडीवर उंच काठीला झेंडा. टेकडीपलीकडून येणाऱ्याला आधी तो झेंडा दिसतो, गाडी नंतर.

पहिलं काम, टायरची हवा काढायची! रस्त्यावर ३५ पीएसआय असते, ती १५ वर आणायची. सोमवारी ऑफिसला जाताना टायर असा दिसला असता तर मी रडले असते. पण उंटाचा पाय आठवा. पसरट, गादीसारखा. हवा कमी केली की टायरही तसाच पसरतो, वजन जास्त जागेवर विभागलं जातं आणि गाडी वाळूत रुतण्याऐवजी वाळूवर तरंगते. निम्मी विद्या इथेच संपली, असं आमचा लीड म्हणतो.

उरलेली निम्मी मात्र घाम काढते. वाळूच्या टेकडीला दोन बाजू असतात. वारा येतो ती बाजू लांब, उताराची आणि त्यातल्या त्यात घट्ट. दुसरी बाजू एकदम खडी आणि भुसभुशीत, तिला 'स्लिप फेस' म्हणतात. घट्ट बाजूने वेगात चढायचं, माथा यायच्या क्षणी अॅक्सिलरेटर सोडायचा आणि नाक जरासं पलीकडे झुकलं की सरळ उतरायचं. सरळ म्हणजे अगदी सरळ. ब्रेक नाही. मागची बाजू घसरायला लागली तर उलट थोडा गॅस द्यायचा. आपल्याकडे घाटात गाडी चालवलेल्या माणसाचा पाय यावेळी ब्रेककडेच जातो, आणि तोच पाय आवरायला शिकायचं असतं.

आणि चढलीच नाही तर? तर तिथेच थांबायचं, रिव्हर्स टाकायचा आणि आपल्याच चाकोरीतून सरळ मागे यायचं. वळायचं नाही. टेकडीला आडवी झालेली गाडी उलटते. ब्रीफिंगमध्ये हे तीनदा सांगितलं. मी तिन्ही वेळा मान डोलावली.

माझी तिसरी ड्राइव्ह. नऊ गाड्या, मी पाचवी. वाजले होते अकरा. ही वेळ वाईट, कारण सूर्य डोक्यावर आला की सावल्या जातात आणि सगळं वाळवंट एका सपाट चादरीसारखं दिसतं. चढ कुठे, खड्डा कुठे, काही कळत नाही. पुढच्या चार गाड्या एका टेकडीवरून दिसेनाशा झाल्या. मी निघाले, वेग कमी पडला, माथ्याच्या जरा खाली गाडीने दम सोडला. मागे चार गाड्या उभ्या, सगळे बघताहेत. वाटलं, रिव्हर्स काय यायचं, डावीकडे वळून उतरू या की पटकन!

गाडी आडवी झाली. इथे स्टीअरिंग डावीकडे असतं, त्यामुळे मी खालच्या बाजूला. माझ्या खिडकीत आकाश नव्हतंच, नुसती वाळू. पाण्याची बाटली दाराशी येऊन आपटली. शेजारी नवरा सीट बेल्टला लटकल्यासारखा. माझे हात आपोआप स्टीअरिंग उजवीकडे, म्हणजे वरच्या दिशेला वळवायला निघाले. रेडिओवर मागच्या गाडीतून आवाज आला, "लेफ्ट! लेफ्ट! डाऊन! गॅस!" दरीकडे स्टीअरिंग वळवून गॅस द्यायचा, हे पटणं शक्यच नाही. न पटताच केलं. गाडी घसरत, वळत खाली आली आणि 'फट्' असा आवाज झाला. पुढचा टायर रिममधून निसटला होता. कमी हवेत जोरात वळलं की होतं असं.

खाली उतरले तेव्हा पाय लटपटत होते. डोक्यात पहिला विचार जिवाचा नव्हता, खरं सांगते, हप्त्यांचा होता. क्लबमध्ये यायच्या आधी इन्शुरन्समध्ये ऑफरोड कव्हर घेतलं होतं, तरीही. (हे नक्की तपासा. साध्या पॉलिसीत ते असेलच असं नाही. आणि भाड्याची गाडी घेऊन वाळूत अजिबात जाऊ नका.) नवरा एक शब्दही बोलला नाही. लग्नाला चार वर्षं झाली, हा विक्रमच.

बोललं दुसरंही कुणी नाही. एका इजिप्शियन गृहस्थांनी जॅकखाली फळी सरकवली, एका मल्याळी मुलाने पाण्याने रिममधली वाळू धुतली, कुणीतरी कॉम्प्रेसर लावला. टायर टप्कन जागेवर बसला. अर्धा तास नऊ गाड्या माझ्यासाठी थांबल्या होत्या. मग लीडने विचारलं, "बाजूने वळसा घालून जायचं की पुन्हा ट्राय करायचंय? दोन्ही चालेल." मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "गाडी तुझ्या नावावर आहे."

पुन्हा निघाले. या वेळी वेग जास्त होता, पण पाय एक क्षण आधीच सुटला. माथा दिसत असताना गाडी थांबली. रिव्हर्स. आरशात आपल्याच चाकांच्या दोन रेघा. स्टीअरिंग घट्ट धरलं आणि सरळ खाली आले. "परफेक्ट," रेडिओ म्हणाला. टेकडी चढले नव्हते, तरी कान गरम झाले. नंतर वळसा घालूनच पलीकडे गेले.

दुपारी एका घाफच्या झाडाखाली डबे उघडले. घाफ हे यूएईचं राष्ट्रीय झाड. कुणीतरी त्याचं शास्त्रीय नाव सांगितलं आणि मी चमकले. ही तर आपली शमी! आईला फोटो पाठवला. तिने उत्तरात फक्त विचारलं, "टायर कुणाचा पडलाय तो बाजूला?" जुना फुटका टायर होता, कुणीतरी टाकून दिलेला. ते तिला पटवायला दहा मिनिटं गेली.

संध्याकाळी पुन्हा पंपावर. एका हातात करक चहा, दुसऱ्या हातात हवेचा पाइप. चार टायर, १५ पासून ३५ पर्यंत. शेजारी मल्याळी मुलगा त्याच्या पॅट्रोलचे टायर भरत होता. "नेक्स्ट सॅटर्डे?" त्याने विचारलं. डाव्या मागच्या टायरचा आकडा २८ वर होता. मी म्हटलं, थांब, हे भरून होऊ दे.