एक औषध, नावे अनेक

समजा, घरात आजोबांना ताप आला आहे. अंग मोडून आले आहे, नाक वाहते आहे. थोरला मुलगा तालुक्याहून क्रोसिन घेऊन येतो. धाकट्याने परवाच डोलो आणून ठेवली आहे. शेजारच्या काकू म्हणतात, "ही सर्दीची गोळी द्या, आमच्या ह्यांना लागू पडली." आजोबा तिन्ही गोळ्या घेतात. घरच्यांना वाटते, तीन औषधे पोटात गेली, आता ताप झटकन उतरेल.

पण ही औषधे तीन नव्हेतच! क्रोसिनमध्ये पॅरासिटामॉल आहे. डोलोमध्येही पॅरासिटामॉल आहे. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांतही तेच असते. एकाच माणसाला घरी बाळ्या म्हणतात, शाळेत बाळकृष्ण आणि सासरी बाळासाहेब. तसेच हे आहे.

पॅरासिटामॉल हे चांगले औषध आहे. बेताने घेतले तर सहसा त्रास देत नाही. पण त्याला हद्द आहे. धडधाकट मोठ्या माणसानेही चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर ते घेऊ नये. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या. गोळी ६५० ची असली तर फक्त ६. अशक्त माणसे, रोज दारू पिणारे, यकृताचा आजार असलेले यांची हद्द याहून अलीकडेच असते. त्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावे. लहान मुलाचे प्रमाण वजनावर ठरते, तेव्हा मोठ्यांची गोळी अंदाजाने मोडून त्याला देऊ नये.

हद्द ओलांडली तर यकृत बिघडते, जीवही जाऊ शकतो. आणि यात फसगत अशी, की पहिल्या दिवशी माणूस बरा दिसतो. कावीळ मागाहून दिसते. म्हणून गोळ्या जास्त गेल्या असे कळताच, त्रास होत नसला तरी, रिकामी पट्टी बरोबर घेऊन दवाखाना गाठावा. वेळेत गेले तर यावर उतारा आहे.

आता पट्टी कशी पाहायची? पट्टीवर दोन नावे असतात. एक कंपनीने ठेवलेले, दुसरे आतल्या औषधाचे मूळ नाव. आपल्याला हवे ते मूळ नाव. बहुधा ते इंग्रजीत असते. मग दुकानदाराला म्हणावे, "भाऊ, यात काय आहे ते मराठीत लिहून द्या." पाकिटावर लिहून घ्यावे. आपण आता वाचायला शिकलो, ते अशा वेळी कामी आणायचे. दोन पाकिटांवर एकच मूळ नाव दिसले, तर दोन्ही एका वेळी घेऊ नयेत. मुदतीची तारीखही पट्टीवरच असते. गोळी दुसऱ्या टोकाकडून कापावी, म्हणजे तारीख शेवटपर्यंत राहते.

काही पट्ट्यांवर उभी तांबडी रेघ असते. ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. दुकानदार ओळखीचा असला तरी नाही. अंगदुखीच्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांचेही भान ठेवावे. कामाचा शीण घालवायला त्या रोज घेतल्या, तर पोटात जखम होते, मूत्रपिंडे बिघडतात. शौचाला डांबरासारखे काळे झाले तर गोळी थांबवून लगेच दवाखान्यात जावे.

मूळ नाव कळले की पैसेही वाचतात. तेच औषध, तेवढेच मिलिग्रॅम, पण एका कंपनीचे महाग आणि दुसऱ्या कंपनीचे स्वस्त, असे पुष्कळदा असते. महागाच्या किमतीत जाहिरातीचा खर्चही असतो. सरकारने २००८ साली जनऔषधी दुकानांची योजना काढली. तिथे औषधे मूळ नावाने मिळतात, आणि पुष्कळ औषधे निम्म्याहून कमी दरात मिळतात. डॉक्टरांना न संकोचता म्हणावे, "साहेब, मूळ नाव लिहून द्या, परवडेल असे द्या." कर्ज काढून चार दिवसांच्या गोळ्या आणायच्या आणि पुढच्या सोडायच्या, यापेक्षा असे विचारलेले बरे. फिट्स, थायरॉइड यांसारख्या आजारांत मात्र कंपनी बदलण्याआधी डॉक्टरांना सांगावे.

आणि दुकानात जाण्याआधी सरकारी दवाखान्यात विचारावे. ऑगस्ट २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने आपल्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत केले. जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्याव्यात.