फोन घ्यावा उन्हात पाहून

मे महिन्यातली दुपार. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर मालाचा ट्रक उभा होता. ड्रायव्हरने ई-वे बिल मोबाइलवर उघडून सुरक्षारक्षकापुढे धरलं. रक्षकाने स्क्रीनवर हाताची सावली केली, मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाला, "दादा, जरा सावलीत या. काहीच दिसंना." दोघं लिंबाखाली गेले, तेव्हा कुठे नंबर जुळला.

आंतरराज्य मालवाहतुकीला १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल लागू झालं. पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर, ड्रॉइंग, तपासणी अहवाल हे सगळं आता इमेलवर येतं, जीएसटीची कामं वेबसाइटवर होतात. मोहोळ तालुक्यातल्या, सोलापूर-पुणे महामार्गावरच्या या वसाहतीत मोबाइल हे स्पॅनरइतकंच रोजचं हत्यार झालं आहे. इथे कॅमशाफ्ट बनतात, अमाइनसारखी रसायनं बनतात. कॅमशाफ्टचं माप मायक्रॉनमध्ये तपासणारी माणसं फोन घेताना मात्र कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारतात. इमेल आणि वेबसाठी फोन घ्यायचा तर मोजायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. आपण काम करतो ती जागाच त्या सांगते.

शर्टाचं प्रतिबिंब

उन्हात स्क्रीन का दिसत नाही? भर दुपारी जमिनीवर साधारण एक लाख लक्स प्रकाश पडतो. ऑफिसात तो तीनशे ते पाचशे लक्स असतो. उन्हात उभ्या माणसाचा पांढरा शर्ट सुमारे २५ हजार निट्सने उजळलेला असतो. निट हे पृष्ठभागाच्या तेजाचं माप. काच आपल्यावर पडलेल्या प्रकाशातला साधारण चार टक्के परत फेकते. म्हणजे स्क्रीनवर तुमच्याच शर्टाचं एक हजार निट्सचं प्रतिबिंब पडतं. फोन पाचशे निट्सचा असेल, तर अक्षरं त्या प्रतिबिंबात बुडून जातात.

झाडाखाली प्रकाश दहा हजार लक्सच्या आसपास उतरला, की तेच प्रतिबिंब शंभर निट्सवर येतं आणि तोच फोन वाचता येतो. गेटवरच्या त्या दोघांनी लिंबाखाली जाऊन हाच प्रयोग केला. गडद रंगाच्या शर्टाचाही उपयोग होतो, हे ध्यानात ठेवा.

जाहिरातीत 'पीक ब्राइटनेस' म्हणून मोठा आकडा छापलेला असतो. तो बहुधा स्क्रीनच्या छोट्या भागापुरता आणि थोडा वेळच मिळतो. इमेलचं पान मात्र सगळं पांढरं असतं. म्हणून 'हाय ब्राइटनेस मोड'चा आकडा विचारा. ज्याचं काम यार्डात आणि गेटवर आहे, त्याने हजार निट्सच्या खालचा फोन घेऊ नये, असं माझं मत आहे.

पत्र्याच्या आत

दुसरी परीक्षा शेडमध्ये होते. पत्रा धातूचा, आणि धातू रेडिओलहरी अडवतो. आत येतं ते खिडक्या, शटर आणि छतातल्या पारदर्शक पट्ट्यांमधून. तिथे लहरीची लांबी महत्त्वाची ठरते. ८५० मेगाहर्ट्झची लहर साधारण ३५ सेंटिमीटर लांब असते, १८०० मेगाहर्ट्झची सुमारे १७ आणि ३५०० मेगाहर्ट्झची जेमतेम साडेआठ. लांब लहरी अडथळ्याला वळसा घालून दूरवर पोचतात. आखूड लहरी जास्त डेटा वाहून नेतात, पण भिंतीपाशी लवकर थकतात. फोनवर '५जी' लिहिलेलं असणं पुरेसं नाही. आपली कंपनी आपल्या भागात कोणते बँड वापरते आणि फोनमध्ये ते आहेत का, हे पाहावं लागतं.

सिग्नलच्या दांड्यांवर विसंबू नका. बऱ्याच अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'अबाउट फोन'खाली सिमची स्थिती दिसते. तिथे सिग्नल डीबीएममध्ये, उणे चिन्हासह लिहिलेला असतो. दर दहा आकड्यांना सिग्नल दहापट बदलतो. समजा गेटवर उणे ८० आणि मशिनपाशी उणे ११० दिसले, तर आत येणारा सिग्नल गेटवरच्या हजाराव्या हिश्श्याइतका उरला.

अशा वेळी फोन टॉवरला ऐकू जावं म्हणून जोर लावतो. टॉवर जवळ असेल, तर मिलिवॉटच्या अंशात भागतं. सिग्नल दुबळा झाला, की ४जी फोन साधारण दोनशे मिलिवॉटपर्यंत शक्ती वापरतो. शेडमध्ये खिशातला फोन तापतो आणि दुपारपर्यंत बॅटरी संपते, त्याचं हे मोठं कारण. फोन बदलण्याआधी शेडमध्ये वायफाय घ्या आणि 'वायफाय कॉलिंग' चालू करा. अनेकदा तेवढ्यावरच भागतं.

बॅटरी आणि सोलापूरचा उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४३ अंशांच्या पुढे जातो. आयफोनच्या माहितीपत्रकात वापरासाठी ० ते ३५ अंशांची मर्यादा दिलेली असते. म्हणजे आपला उन्हाळा फोनच्या मर्यादेबाहेर सुरू होतो. तापलेला फोन स्वतःला वाचवण्यासाठी स्क्रीन मंद करतो आणि प्रोसेसरचा वेग उतरवतो. उन्हात जास्त उजेड हवा असतो, नेमका तेव्हाच तो कमी होतो.

लिथियम-आयन बॅटरीत चार्जिंगखेरीजही रासायनिक क्रिया चालू असतात. तापमान दहा अंशांनी वाढलं, की अशा क्रियांचा वेग जवळपास दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रातला ढोबळ नियम आहे. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डचं तापमान ६० अंशांच्या पुढे सहज जातं. तिथे पूर्ण चार्ज करून ठेवलेला फोन म्हणजे झपाट्याने म्हातारी होणारी बॅटरी. पाच हजार एमएएचची बॅटरी घ्याच, पण तिला सावलीत ठेवा आणि शंभर टक्क्यांचा आग्रह धरू नका.

हातभर अंतरावरचा कागद

आता स्क्रीनचा आकार. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद असतो, साधारण मोठा फोन ७० मिलिमीटर. पीडीएफ पूर्ण रुंदीत उघडली, की दहा पॉइंटचं अक्षर सव्वातीन पॉइंटचं होतं. ते कसं दिसतं हे आत्ता करून पाहा. हा पेपर नेहमीच्या फूटभर अंतरावरून उचलून भिंतीला टेकवा आणि तीन फुटांवरून वाचा. फोनवर पीओ वाचताना डोळ्यांना तेवढा ताण पडतो. चाळिशीनंतर डोळ्याच्या भिंगाची लवचीकता कमी झालेली असते, मग फोन जवळ आणूनही उपयोग होत नाही. देवनागरीचा प्रश्न आणखी वेगळा. आपल्या अक्षराला वर वेलांटी असते आणि खाली उकार. अक्षर बारीक झालं, की आधी मात्रा आणि अनुस्वार हरवतात.

त्यामुळे निवड कामावर ठरवावी. मेल आली का ते पाहणं, दोन ओळींचं उत्तर देणं, ओटीपी घेणं एवढंच काम असेल, तर फोन पुरे. दिवसभर ड्रॉइंग, चलान आणि तक्ते वाचायचे असतील, तर १०-११ इंची टॅबलेट घ्यावा. तो उभा धरला, तर कागद जवळपास पाऊणपट मापात दिसतो. टॅबलेट सिमचा घ्या, नाहीतर फोनचा हॉटस्पॉट दिवसभर चालू ठेवून दोन बॅटऱ्या झिजवाल.

बोटं, धागे आणि वाफा

टचस्क्रीन बोटातली वीजवाहकता ओळखते. बोट टेकलं, की काचेखालच्या विद्युतक्षेत्रात बदल होतो आणि स्पर्श कळतो. सुती हातमोजा हा मार्ग तोडतो, तर घामाचा थेंब खोटा स्पर्श दाखवतो. हातमोजे घालून मशिनवर काम करणाऱ्याने दुकानातच ग्लोव्ह मोड तपासावा.

आयपी६८ मधला सहा हा आकडा म्हणजे आत धूळ शिरत नाही. पण टॉवेलच्या कारखान्यातला धागा चार्जिंगच्या खोबणीत अडकून बसतो, त्याला आयपी मानांकन काही करू शकत नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने तो हळूच काढावा.

रासायनिक विभागात नियम आणखी कडक आहेत. सॉल्व्हंटची वाफ जिथे असू शकते, तिथे साधा फोन नेऊच नये. तिथे 'इंट्रिन्सिकली सेफ' उपकरणं लागतात. बिघाड झाला तरी वाफ पेटवण्याइतकी ऊर्जा ठिणगीत येऊ नये, अशी त्यांच्या सर्किटची रचना असते. अशा उपकरणांना मान्यता देणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. महागडं कव्हर घातलेला फोन त्यांची जागा घेऊ शकत नाही.

आतलं यंत्र आणि अपडेट

ब्राउझिंगला अफाट प्रोसेसर लागत नाही. सहा ते आठ जीबी रॅम आणि 'यूएफएस' प्रकारचं स्टोअरेज पुरतं. स्वस्त फोनमधलं 'ईएमएमसी' एका वेळी लिहितं तरी किंवा वाचतं तरी. यूएफएस दोन्ही एकदम करतं. मेल डाउनलोड होत असताना फोन अडकतो, तो बहुधा इथेच. इमेलची व्यवस्था मुळात साध्या अक्षरांसाठी उभी राहिली. म्हणून जोडलेली फाइल आधी अक्षरांच्या संकेतात बदलली जाते आणि तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. नऊ एमबीचं ड्रॉइंग बारा एमबी होऊन जातं. दुबळ्या सिग्नलवर ते का रेंगाळतं, ते आता कळलं असेल.

आणि शेवटी सगळ्यात मोलाची बाब, म्हणजे सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार. २०२३ च्या पिक्सेल ८ ला कंपनीने सात वर्षांची हमी दिली. दोन वर्षांत अपडेट थांबणारा फोन स्वस्त नसतो. पण फक्त अपडेटवर विसंबू नका. मोबाइलवर मेल उघडली, की बहुतेक वेळा पाठवणाऱ्याचं फक्त नाव दिसतं, पत्ता दडलेला असतो. "आमचं बँक खातं बदललं, पैसे नव्या खात्यात भरा" अशी मेल नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने येते. पत्त्यात 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' जोडलेले असतात, बारीक स्क्रीनवर ते ओळखू येत नाही. नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडा, जुन्या नंबरवर फोन करून खात्री करा, मगच पैसे पाठवा. फसगत झालीच, तर ताबडतोब १९३० वर कळवा.

दुकानात थंडगार दिव्याखाली प्रत्येक फोन देखणा दिसतो. म्हणून माझी विनंती एकच. ज्या मॉडेलवर मन बसलं आहे, ते एखाद्या सहकाऱ्याकडे असेल तर दुपारी बारा वाजता मागून घ्या. गेटवर उन्हात एक मेल वाचा, शेडच्या आतल्या कोपऱ्यात एक वेबसाइट उघडा आणि एक पीओ चष्म्याविना वाचून पाहा. या तीन परीक्षांत पास होईल तोच तुमचा फोन.